जमिनीत उष्णता मुरते, की साचते?

मोठ्या इमारती गरम आणि थंड करण्यासाठी जमिनीतील उष्णता वापरणाऱ्या पंपांचे कोणतेही माहितीपत्रक उघडा. त्यात तीन वाक्ये हमखास सापडतील. जमिनीचे तापमान वर्षभर सारखे असते. पृथ्वीच्या पोटातील अक्षय उष्णता आपल्याला फुकट मिळते. एक युनिट वीज घाला आणि चार युनिट उष्णता घ्या. हीच वाक्ये पुढे विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत उतरतात, तिथून प्रश्नमंजूषेत आणि शेवटी वर्गातल्या फळ्यावर. यंत्र चांगलेच आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या तीन वाक्यांशी. त्यांच्यावर विसंबून घरे, कॉलेजे, नगरपालिकांच्या कचेऱ्या यांचे आराखडे आखले जातात आणि ती चुकली तर काय होते याची उदाहरणे आता आपल्यापुढे आहेत.

यंत्र काय आहे हे आधी थोडक्यात पाहू. घरातला फ्रीज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो. उष्णतापंप हेच करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि दोन्ही दिशांनी. जमिनीत शंभर-सव्वाशे मीटर खोल बोअर घेतात आणि त्यात इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली प्लास्टिकची नळी सोडतात. नळीतून पाणी फिरत राहते. हिवाळ्यात हे पाणी जमिनीतली उष्णता घेऊन वर येते, कॉम्प्रेसर तिचे तापमान चढवतो आणि ती इमारतीला देतो. उन्हाळ्यात उलट होते. इमारतीतली उष्णता जमिनीत सोडली जाते.

शेवटचे वाक्य आधी घेऊ, कारण ते लवकर निकालात निघते. एकाला चार मिळतात हे खरे आहे, पण ते ऊर्जेचे पीक नव्हे. हमालाने चार पोती माडीवर नेली म्हणून त्याने चार पोती धान्य पिकवले असे कोणी म्हणत नाही. तीन युनिट उष्णता जमिनीत होतीच, ती उचलून वर आणण्याची मजुरी म्हणजे ते एक युनिट. माडी जितकी उंच तितकी मजुरी जास्त. जमीन १० अंशांवर असेल आणि इमारतीला ४५ अंशांचे पाणी हवे असेल तर कार्नोच्या सूत्राप्रमाणे एका युनिटमागे जास्तीत जास्त नऊ युनिट मिळू शकतात (३१८ भागिले ३५). प्रत्यक्षातली यंत्रे त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली राहतात. जमीन शून्य अंशांपर्यंत थंड झाली तर तीच कमाल मर्यादा सातवर येते. म्हणजे 'चार' हा यंत्राचा कायमचा गुण नसून जमिनीच्या त्या दिवशीच्या तापमानावर अवलंबून असलेला आकडा आहे. शिवाय ती वीज कोळशाची असेल तर एका युनिटसाठी वीजकेंद्रात साधारण तीन युनिट उष्णता आधीच खर्ची पडलेली असते. हा हिशेब पत्रकात नसतो.

आता दुसरे वाक्य, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचे. ज्वालामुखी, गरम पाण्याचे झरे, वज्रेश्वरी, उनपदेव हे सारे या वाक्याबरोबर विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्ष हिशेब करू. त्यासाठी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले स्टॉक्टन कॉलेज (आज ते विद्यापीठ आहे) घेऊ. १९९४ च्या सुमारास तिथे चारशे बोअरची यंत्रणा उभी राहिली. प्रत्येक बोअर ४२५ फूट, म्हणजे सुमारे १३० मीटर खोल. बोअर वाहनतळाखाली तीन-साडेतीन एकरांत पसरलेली. क्षमता १,६०० टन. हा 'टन' वजनाचा नव्हे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला लागणारी उष्णता काढून नेण्याची क्षमता म्हणजे एक टन, ती सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. टन अमेरिकी म्हणजे ९०७ किलो धरायचा, बर्फाची अप्रकट उष्णता ३३४ किलोज्यूल प्रतिकिलो आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. हे गणित नववी-दहावीचे विद्यार्थी स्वतः करू शकतील. १,६०० टन म्हणजे ५,६०० किलोवॅट.

पृथ्वीच्या पोटातून खंडांच्या पृष्ठभागाकडे येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे ०.०६५ वॅट आहे. साडेतीन एकर म्हणजे १४,००० चौरस मीटर. गुणाकार केला की येतात ९१० वॅट. एका इस्त्रीइतके! कॉलेजच्या यंत्रणेला लागते ५,६०० किलोवॅट आणि पृथ्वीचे पोट देते एका किलोवॅटहून कमी. भूऔष्णिक वीजकेंद्रे जिथे चालतात त्या आइसलँडसारख्या जागा वेगळ्या. वाहनतळाखालच्या बोअरमध्ये पृथ्वीच्या पोटाचा संबंध नावापुरताच असतो. तरीही दोन्हींना एकच 'भूऔष्णिक' हे विशेषण लावले जाते आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

मग जमिनीत ती उष्णता येते कुठून? बहुतांश वरून, म्हणजे सूर्याकडून आणि हवेकडून. उन्हाळ्याची ऊब आणि हिवाळ्याची थंडी लाटेसारख्या जमिनीत उतरतात, पण माती आणि खडक उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे लाट वाटेतच दमते. तीन मीटर खोलीवर ऋतूंमधला फरक वरच्या फरकाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका उरतो, दहा मीटरवर शंभरात चार भाग. गंमत म्हणजे तिथे पोहोचायला लाटेला सुमारे सहा महिने लागतात. दहा मीटरवर जी काही थोडी ऊब जाणवते ती वरच्या थंडीच्या दिवसांत. त्याच्याही खाली तापमान त्या गावाच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिरावते. स्टॉक्टनला ते सुमारे १३ अंश आहे. आपल्याकडे खोल विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, त्यात बदलते ती आपली त्वचा. पाणी जवळजवळ तेच असते.

तेव्हा पहिले वाक्य, जमिनीचे तापमान वर्षभर सारखे असते हे, खरे आहे. मात्र ते कोणी हात लावला नाही अशा जमिनीबद्दल खरे आहे. आपण चारशे बोअर पाडून तिच्यात उष्णता ओतू लागलो की ती तीच जमीन राहत नाही. माझ्या मते या विषयावरच्या बहुतेक लेखनाची खरी चूक इथे आहे, आणि ती बारीक असल्यामुळे सुटून जाते.

एका घरासाठी एक बोअर घेतली आहे असे समजा. उन्हाळ्यात तिच्यात सोडलेली उष्णता चारी बाजूंना पसरते. वर्षभरात ती पाच-सहा मीटर दूर जाते, पुढल्या वर्षी आणखी. भोवतालची जमीन अफाट आहे, तिला काही कळतही नाही. घराघरांतून ही यंत्रे वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात याचे कारण हेच. आता चारशे बोअर पाच-पाच मीटरवर चौकटीत मांडा. मधल्या बोअरने सोडलेली उष्णता पाच मीटर जाते तो शेजारच्या बोअरची उष्णता समोरून आलेली असते. एसटी स्थानकातल्या गर्दीत मधल्या माणसाला जसे कुठेच सरकता येत नाही तसे तिचे होते. बाहेर पडायला वाट उरते ती फक्त कडेच्या बोअरना, आणि मधल्यांना वर किंवा खाली. पण तिथे पन्नास-साठ मीटर ओलांडायचे आहेत, आणि उष्णतेच्या चालीने त्याला अनेक दशके लागतात. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट लागतो, कारण उष्णता सरळ चालत नाही, ती झिरपते. म्हणून घराचा अनुभव चारशेपटीने वाढवून कॉलेजला लागू करता येत नाही. घरासाठी जमीन झऱ्यासारखी वागते, मोठ्या इमारतीसाठी कणगीसारखी. कणगीत जेवढे भरले तेवढेच निघते, आणि काढले नाही तर ती भरून जाते.

ही कणगी केवढी? स्टॉक्टनच्या वाहनतळाखालचे आकारमान १४,००० गुणिले १३०, म्हणजे सुमारे १८ लाख घनमीटर. ओल्या वाळूच्या-मातीच्या एका घनमीटरचे तापमान एक अंशाने वाढवायला साधारण २३ लाख ज्यूल लागतात. म्हणजे साऱ्या क्षेत्राला एक अंशासाठी सुमारे साडेअकरा लाख युनिट. आकडा मोठा वाटतो, पण यंत्रणा पूर्ण क्षमतेने नऊ दिवस सलग चालली तर तेवढी उष्णता जमिनीत जाते, आणि कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता त्यात धरलेली नाही. उन्हाळा काही नऊ दिवसांचा नसतो. सगळी मदार यावर आहे की येणारा हिवाळा ती उष्णता परत मागून घेईल.

इथेच घर आणि व्यापारी इमारत यांत आणखी एक फरक पडतो. घराला उष्णता हवी असते. कॉलेजात, कचेरीत, दुकानात माणसे, दिवे, संगणक आणि यंत्रे स्वतःच उष्णता टाकत असतात. त्यात भिंती चांगल्या रोधक असतील तर थंड हवेच्या गावातही अशा इमारतीला वर्षाकाठी गरम करण्यापेक्षा थंडच जास्त करावे लागते. स्टॉक्टनमध्ये तसेच झाले. जमिनीत जाणारी उष्णता परत निघणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होती, क्षेत्राचे तापमान वर्षांगणिक चढत गेले, आणि पुढे यंत्रणेला एका कूलिंग टॉवरची जोड द्यावी लागली. जमिनीत साचलेली उष्णता हवेत उडवून द्यायची, हे त्याचे काम. २००८ मध्ये त्याच संस्थेने हिवाळ्यातली थंडी भूजलात साठवून उन्हाळ्यात वापरणारी आणखी एक यंत्रणा सुरू केली. म्हणजे जमिनीकडे साठवणीची जागा म्हणूनच पाहायचे, हे त्यांनी अनुभवातून स्वीकारले. कॉलेजला यात कमीपणा काही नाही. त्यांनी मोजमापे ठेवली म्हणून तर आपल्याला हे कळले. मोजलेच नाही अशा ठिकाणी फक्त विजेचे बिल हळूहळू वाढते आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

वाहते भूजल असेल तर गोष्ट पुष्कळ सोपी होते, कारण पाणी उष्णता घेऊन पुढे निघून जाते. पोर्टलंड शहरातली इक्विटेबल इमारत १९४८ मध्ये विहिरींच्या पाण्यावर उष्णतापंप चालवू लागली, तिचा या क्षेत्रातल्या आद्य मोठ्या इमारतींत मान आहे. पण जमिनीखाली पाणी वाहते की साठून आहे, हे पत्रकातल्या आकृतीत कधीच दाखवलेले नसते. आकृतीत जमीन म्हणजे एक तपकिरी पट्टा असतो. तो पट्टा किती महागात पडू शकतो ते आता पाहू.

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, काळ्या अरण्याच्या पायथ्याशी स्टाउफेन नावाचे जुने, टुमदार गाव आहे. दंतकथेतला डॉक्टर फाउस्ट इथल्याच एका खानावळीत मेला असे सांगतात. २००७ च्या सप्टेंबरमध्ये गावाच्या नगरसभागृहासाठी त्याला लागूनच सात बोअर घेतल्या गेल्या, प्रत्येकी १४० मीटर खोल. ऐतिहासिक इमारत, आधुनिक स्वच्छ ऊर्जा, सगळे आदर्श. काही आठवड्यांतच सभागृहाला तडे गेले, मग शेजारच्या घरांना, मग साऱ्या जुन्या पेठेला. जमीन खचली असे आधी कोणाच्याही मनात येईल. ती खचत नव्हती, वर उचलली जात होती. भराच्या काळात महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर, आणि पुढे काही ठिकाणी एकूण अर्ध्या मीटरहून जास्त. अडीचशेहून अधिक इमारतींचे नुकसान झाले.

कारण रसायनाच्या पहिल्या धड्यातले आहे. खाली अ‍ॅनहायड्राइटचा, म्हणजे निर्जल कॅल्शियम सल्फेटचा थर होता. त्याच्याखाली दाबाखालचे भूजल. बोअरनी दोन्हींना जोडणारी वाट करून दिली आणि बोअरभोवतीचा सिमेंटचा भराव ती वाट बंद करू शकला नाही. पाणी अ‍ॅनहायड्राइटला भेटले आणि त्याचे जिप्सम होऊ लागले. हिशेब करून पाहा. १३६ ग्रॅम अ‍ॅनहायड्राइटची घनता २.९७, म्हणजे आकारमान सुमारे ४६ घनसेंटिमीटर. त्यात ३६ ग्रॅम पाणी सामावले की १७२ ग्रॅम जिप्सम होते, घनता २.३२, आकारमान ७४ घनसेंटिमीटर. दीडपटीहून जास्त फुगवटा. भिजवलेल्या डाळीने झाकण उचलावे तसे त्या थराने गाव उचलले. नंतर पाणी उपसून आणि बोअर सिमेंटने पुन्हा भरून वेग खूप कमी करण्यात आला, पण जे जिप्सम झाले ते झाले. त्या राज्याने जिप्समच्या थरांतल्या बोअरसाठी नियमही कडक केले.

या तंत्राचे समर्थक म्हणतात की स्टाउफेनला उष्णतापंपाचा दोष नव्हता, खोदाईचा होता. ते बरोबर आहे. उष्णतेच्या देवाणघेवाणीमुळे एकही तडा गेला नाही. पण हा युक्तिवाद पुरता पटत नाही, कारण बोअर हा या यंत्राचा भागच आहे, आणि 'जमीन सगळीकडे असते म्हणून हे यंत्र कुठेही बसते' हा दावाही याच पत्रकांतला आहे. हवेतून उष्णता घेणारा पंप कुठेही बसतो. जमिनीतून घेणाऱ्याला आधी भूवैज्ञानिक लागतो.

याचा अर्थ मोठ्या प्रमाणावर हे जमतच नाही असा मुळीच नाही. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये काम सुरू करून सुमारे ३,६०० बोअर घेतल्या, ४७ इमारती त्यावर आणल्या आणि कोळशाचे चार जुने बॉयलर बंद केले. तिथला हिवाळा कडक आणि उन्हाळाही चांगला गरम, त्यामुळे कणगी भरतेही आणि रिकामीही होते. शिवाय सगळ्या इमारती एका जाळ्यात असल्याने प्रयोगशाळेतून काढलेली उष्णता त्याच दिवशी वसतिगृहाच्या अंघोळीच्या पाण्याला देता येते. ती जमिनीत उतरतच नाही. खरी बचत पुष्कळदा अशा ठिकाणी असते, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख सर्वांत कमी असतो.

शिक्षकांच्या एका मेळाव्यात मला विचारले गेले होते, 'मग आपल्या पुण्यात हे का नको?' उत्तर आतापर्यंतच्या विवेचनातच आहे. पुण्याची वार्षिक सरासरी पंचवीस अंशांच्या आसपास, म्हणजे खोल जमीनही तेवढीच किंवा किंचित गरम. इथल्या कचेरीला गरम करावेच लागत नाही, तेव्हा कणगीत फक्त भरत जायचे, काढायचे कधीच नाही. जमीन उष्णता घेईल ती सुद्धा नळीतले पाणी तिच्यापेक्षा आठ-दहा अंश गरम असेल तरच, म्हणजे पस्तीसच्या आसपास. उलट एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना फुग्यावर ओले फडके गुंडाळलेला तापमापक एकवीसच्या आसपास उतरतो. माठाचे तत्त्व वापरणारा कूलिंग टॉवर त्या वेळी पंचविशीतले पाणी देऊ शकतो. दहा अंशांचा फायदा, एकही बोअर न घेता. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. एक टन थंडाव्यामागे तासाला सहा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जाते, आणि दुष्काळी तालुक्यात हा हिशेब उलटू शकतो. मुंबईत दमट हवेमुळे माठ हरतो, पण जमीनही सत्तावीस-अठ्ठावीसची, त्यामुळे तीही फारशी जिंकत नाही. आपल्या देशात हे तंत्र आधी शोभेल ते श्रीनगरसारख्या गावात, जिथे हिवाळा उष्णता मागतो.

हे सारे वर्गात आणायला महाग उपकरण लागत नाही. शाळेत किंवा शेजारी वापरातली खोल बोअर असेल तर पंप दहा मिनिटे चालू ठेवून थेट नळीच्या तोंडाशी बादली भरा आणि साध्या तापमापकाने पाण्याचे तापमान घ्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, वर्षभर. जवळच्या वेधशाळेच्या मासिक कमाल-किमान सरासरींवरून हवेची वार्षिक सरासरी काढा आणि दोन्ही एकाच आलेखावर मांडा. पाण्याची रेषा जवळजवळ आडवी यायला हवी. ती हवेच्या रेषेबरोबर वरखाली होऊ लागली, तर टाकीतले किंवा उन्हात तापलेल्या पाइपातले पाणी तर मोजले जात नाही ना, हे आधी तपासा.